विश्लेषण : मोमिनाबाद ते अंबाजोगाई… जुन्या फोटोंतून गावाचा इतिहास कसा वाचायचा?

बीडच्या स्थानकातून १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे निघाली, तेव्हा फलाटावर जितकी माणसे, जवळपास तितकेच मोबाइल वर होते. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट पाहण्यात पिढ्या सरल्या. त्या एका दिवसाचे जितके फोटो निघाले असतील, तितके याच जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावाचे पूर्वीच्या शंभर वर्षांत मिळूनही निघाले नसतील. जे निघाले, ते आज कुठे आहेत? लोखंडी पेटीत, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या खोक्यात आणि काही थेट लंडनमध्ये. अंबाजोगाईच्या निमित्ताने या प्रश्नाचा शोध.

जुन्या फोटोंचा विषय आत्ताच का?

मराठवाड्यात जुन्या कागदाला अचानक किंमत आली ती २०२३ मध्ये. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. त्यातील अनेक नोंदी उर्दूत आणि मोडीत होत्या. ते वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. कागद होता, वाचणारा नव्हता, असा तो पेच.

घराघरांतील फोटोंची अवस्था वेगळी नाही. फोटो आहे, पण त्यातील माणसांना ओळखणारी शेवटची व्यक्ती ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. ती गेली की फोटो उरतो आणि नावे जातात. दप्तराला निदान सरकारी कपाट असते. फोटोला तेही नाही.

अंबाजोगाईच का?

कारण छोट्या गावाचा इतिहास किती थरांचा असू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत, जयवंती नदीकाठी वसलेले हे गाव योगेश्वरी देवीचे. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज आणि कापडाच्या प्रचंड पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिणारे दासोपंत या दोघांच्याही समाध्या इथे आहेत. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख इथे सापडले. निजामाच्या राज्यात हेच गाव मोमिनाबाद या नावाने कागदोपत्री होते आणि तिथे घोडदळाची छावणी होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या योगेश्वरी विद्यालयात काम केले. १९७४ मध्ये त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे सुरू झाले.

म्हणजे देवस्थान, छावणी, शाळा आणि दवाखाना. गावाच्या आयुष्यातील या चारही टप्प्यांनी फोटो मागे ठेवले, पण प्रत्येकाने वेगळ्या कारणासाठी, वेगळ्या डोळ्यांनी.

मराठवाड्याचे पहिले फोटो माणसांचे का नाहीत?

मराठवाड्यात कॅमेरा आला तो लेण्यांसाठी. अजिंठ्याची चित्रे नकलून काढण्यासाठी आलेल्या रॉबर्ट गिल यांनी १८५० आणि १८६०च्या दशकांत अजिंठा-वेरूळचे फोटो घेतले. त्यानंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जेम्स बर्जेस आले. १८७५-७६च्या हंगामात त्यांनी निजामाच्या मुलुखातील बीदर आणि औरंगाबाद भागांची पाहणी केली. १८७८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात धाराशिव, खरोसा यांच्याबरोबर मोमिनाबादच्या लेण्यांचेही वर्णन आहे. ‘जोगाईचा सभामंडप’ म्हणून त्यांनी नोंदवलेले हे लेणे म्हणजेच आजचे शिवलेणी किंवा हत्तीखाना. अंगणातील दगडी हत्तींमुळे लोकांनी दिलेले हे नाव.

या काळातील चित्रांत आणि फोटोंत माणूस दिसला तरी तो मोजपट्टीसारखा. खांब किती उंच आहे हे कळावे म्हणून शेजारी उभा केलेला. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नसते. दगडाची उंची फुटांत आणि इंचांत आहे, माणसाचा मात्र पत्ता नाही. गावाच्या जुन्या फोटोंकडे पाहताना ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : फोटो काढणाऱ्याला जे हवे होते, तेच चौकटीत आले.

तरीही ही दृश्ये मोलाची आहेत. कोणता खांब तेव्हा शाबूत होता, कुठे माती भरली होती, शिखर होते की नव्हते, हे त्यातून कळते. अंबाजोगाईच्या सकलेश्वर अर्थात बाराखांबी मंदिराच्या परिसरात राज्य पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात आणखी दोन मंदिरांच्या पायाचे अवशेष मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली. अशा वेळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, अगदी सहलीला गेलेल्या कुटुंबाने काढलेला फोटोसुद्धा पुरावा ठरू शकतो. मागे कुठली भिंत दिसते, यावर बरेच काही अवलंबून असते.

छावणीचे फोटो लंडनमध्ये कसे?

निजामाने इंग्रजांशी केलेल्या करारानुसार ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज राज्यात ठेवली जाई. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. याच खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली यांच्याप्रमाणे मोमिनाबादलाही या फौजेची छावणी होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. १९०३ मध्ये कंटिंजंट संपून तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाल्या. मोमिनाबादसारख्या ठाण्यांचे दिवस त्यानंतर सरले.

छावणीतील इंग्रज अधिकारी कॅमेरा बाळगत, अल्बम ठेवत आणि मायदेशी परतताना सोबत नेत. अशा अल्बमांपैकी बरेच पुढे ब्रिटनमधील ग्रंथालयांत आणि लष्करी संग्रहालयांत जमा झाले. मराठवाड्यातील छावणीचे घोडे, बंगले, पोलोचे मैदान पाहायचे तर शोध तिकडच्या सूचीत घ्यावा लागतो. तोही ‘अंबाजोगाई’ या नावाने नव्हे, तर ‘मोमिनाबाद’ किंवा नुसत्या ‘अंबा’ या नावाने, इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-चार तऱ्हा वापरून. बीडचेही तसेच. जुन्या इंग्रजी कागदांत ते ‘भीर’ किंवा ‘बीर’ असे लिहिलेले आढळते.

या कंटिंजंटच्या घोडदळाचा सर्वांत प्रसिद्ध फोटो मात्र मराठवाड्यातला नाहीच. तो फ्रान्समधला आहे. कंटिंजंटच्या जुन्या रिसाल्यातून घडलेली ‘२०वी डेक्कन हॉर्स’ ही पलटण पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत होती. १४ जुलै १९१६ रोजी ‘हाय वूड’ या रानावरील चढाईत तिने भाग घेतला. त्या सुमारास रांगेत उभे असलेले या पलटणीचे स्वार लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधील फोटोंत दिसतात. हातात भाले, अंगावर खाकी आणि समोर तोफांनी उखडलेली जमीन. हीच पलटण आज भारतीय लष्करात ‘डेक्कन हॉर्स’ म्हणून, घोड्यांऐवजी रणगाडे घेऊन उभी आहे. स्वारांचे चेहरे स्पष्ट आहेत. नावे इथेही नाहीत.

निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराने काय टिपले?

लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना निजामाने दिला. शिकारी, मेजवान्या, राजवाडे, लष्करी संचलने ही त्यांची ख्याती. पण त्यांच्या स्टुडिओने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात राज्याने काढलेल्या मदतकार्याचेही फोटो घेतले. हे फोटो राज्याने काढून घेतलेले होते. त्यामुळे त्यात व्यवस्था दिसते : रांगा, अन्नवाटप, देखरेख करणारे अधिकारी. भूक दिसते ती कडेला, शिस्तीत बसवलेली.

दीनदयाळ यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. राजधानीतील मोठ्या स्टुडिओचे भाग्य असे निघाले. तालुक्याच्या गावातील स्टुडिओंच्या वाट्याला ते आले नाही. काचेवरील थर धुऊन त्या काचा तसबिरींना बसवण्याचे प्रकार देशभर झाले. एखाद्या देवाच्या तसबिरीपुढची काच पूर्वी कुणाच्या लग्नाची निगेटिव्ह असू शकते.

१९४८चे फोटो इतके कमी का?

हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि पाच दिवसांत संपली. जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे हैदराबादचे सेनापती एल. एद्रूस शरण येतानाचा फोटो सर्वांना ठाऊक आहे. पण राज्य बदलले त्या दिवशी मोमिनाबादच्या, केजच्या, धारूरच्या बाजारात काय घडले, याचे चित्र जवळपास नाही. कॅमेरा मूठभर घरांत. फिल्म महाग. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांची दहशत आणि कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक गावांतील मुस्लिम कुटुंबांवर कोसळलेला सूड, या दोन्हींच्या आठवणी तोंडीच राहिल्या. ज्या घटनेने गावाचे आयुष्य सर्वाधिक बदलले, तिचाच फोटो नाही, हे छोट्या गावांच्या बाबतीत वारंवार घडते. म्हणूनच त्या सुमाराचा शाळेचा, प्रभातफेरीचा किंवा साध्या दुकानाचा फोटो मिळाला, तरी तो जपण्याजोगा ठरतो.

तारीख नसलेल्या फोटोचा काळ कसा ओळखावा?

चेहऱ्यांकडे पाहण्याआधी मागची बाजू आणि पार्श्वभूमी पाहावी. काही खुणा मराठवाड्यापुरत्या फार उपयोगी आहेत.

पाट्या : दुकानाची किंवा कचेरीची पाटी उर्दूत असेल तर फोटो बहुधा १९४८पूर्वीचा किंवा लगतचा. पाटीवर ‘मोमिनाबाद’ की ‘अंबाजोगाई’, हेही पाहावे.

बस : निजाम सरकारने १९३२ मध्ये रेल्वेच्या जोडीने बससेवा सुरू केली, तेव्हा ताफा होता २७ गाड्यांचा. त्यामुळे १९५६पूर्वीच्या फोटोतील सरकारी बस हैदराबाद राज्याची असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यानंतर येते ती आपली एसटी.

नंबरप्लेट : ‘एमएच-२३’ म्हणजे बीड आणि ‘एमएच-४४’ म्हणजे अंबाजोगाई. ‘एमएच’ आणि दोन आकडे ही पद्धत १९८९ची. त्यामुळे अशी पाटी दिसली की फोटो त्यानंतरचा.

कागद : दातेरी कडांचे छोटे कृष्णधवल फोटो साधारण १९४० ते १९६०च्या दशकांतले. फिल्मच्या किंवा कागदाच्या पाकिटावर ‘इंदू’ हे नाव असेल, तर ते उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे. तिथले उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. रंगीत फोटो गावोगावी पोहोचले ते १९८०च्या दशकात. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख दिसली तर बहुधा १९९०चे दशक. अर्थात, कॅमेऱ्यात तारीख चुकीची लावलेली असणे हा तेव्हाचा नित्याचा प्रकार होता.

मागचा मजकूर : जुन्या पिढीतील अनेकांनी फोटोमागे मोडीत किंवा उर्दूत लिहून ठेवले आहे. ती ‘खरडपट्टी’ समजून पुसू नये. नाव, नाते आणि गाव तिथेच सापडण्याची शक्यता सर्वाधिक.

या फोटोंत कोण नाही?

स्टुडिओत जाऊन फोटो काढणे हा खर्चाचा आणि प्रतिष्ठेचा मामला होता. रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, फुलदाणी आणि श्वास रोखून बसलेले कुटुंब. ज्यांच्याकडे पैसा, जमीन, नोकरी होती, त्यांचे फोटो निघाले. दलित वस्ती, भटके, शेतमजूर यांच्यापर्यंत कॅमेरा पोहोचला तो फार उशिरा, आणि तोही बहुतेकदा मोर्चात, सरकारी कामावर किंवा दुष्काळात. बायका दिसतात त्या लग्नाच्या फोटोत, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. शेतात खुरपताना, जात्यावर दळताना, दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करताना दिसत नाहीत.

१९७२चा दुष्काळ घ्या. बीड जिल्ह्यातील साठीपुढच्या कुणालाही विचारले, तर खडी फोडण्याची कामे आणि सुकडीची चव सांगता येते. याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे १९७७चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा आला, जो नंतर देशाने उचलला. पण त्या कामावर असलेल्या आपल्या आईचा फोटो किती घरांत आहे? दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या तीन पिढ्यांचे फोटो तर त्याहून विरळ. अनेक घरांत आजी-आजोबांची एकमेव प्रतिमा म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा फोटो. माणूस गेल्यावर तोच मोठा करून, रंग भरून, हार घालून भिंतीवर लावला जातो. ही ओळखपत्रे १९९३ नंतर आली. म्हणजे त्याआधी गेलेल्यांचा चेहरा उरलाच नाही.

त्यामुळे ‘आमचे जुने गाव किती शांत, किती सुंदर होते’ हा निष्कर्ष चार फोटोंवरून काढणे धोक्याचे. त्या शांततेच्या बाहेर उभे असलेले लोक चौकटीतही बाहेरच राहिले आहेत.

व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो विश्वासार्ह असतात का?

अनेकदा नसतात. एकाच जुन्या बाजारपेठेचा फोटो कधी बीडचा, कधी लातूरचा, तर कधी नांदेडचा म्हणून फिरतो. कृष्णधवल फोटोत संगणकाने भरलेले रंग हे अंदाजाचे असतात. फेट्याचा लाल, साडीचा हिरवा कुणी पाहिलेला नसतो. नव्या ॲपमधून पुसट चेहरे ‘स्पष्ट’ केले जातात, तेव्हा ॲप नवाच चेहरा रचते. घरच्यांना तो आवडेलही, पण तो आजोबांचा चेहरा राहत नाही. शिवाय व्हॉट्सॲप फोटोचा आकार कमी करते. चार गटांतून फिरून आलेल्या फोटोतील पाटी वाचता येत नाही आणि नेमकी तीच तर कामाची असते.

घरातील फोटो कसे जपावेत?

खर्च जवळपास नाही, थोडी शिस्त हवी.

१) फोटो लॅमिनेट करू नये. उष्णतेने आणि चिकट थराने तो कायमचा बिघडतो. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढून काढू नयेत, आधी पानासकट जसेच्या तसे टिपून घ्यावेत.

२) स्कॅनर मिळाल्यास ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. नसेल तर दिवसाच्या मंद उजेडात, सावलीत, फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर वर धरून टिपावा. फ्लॅश नको. मागची बाजूही टिपावी.

३) मूळ प्रत तशीच ठेवावी. रंग, दुरुस्ती जे काही करायचे ते दुसऱ्या प्रतीवर.

४) पाठवताना ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आकार कमी होत नाही.

५) घरातील वडीलधाऱ्यांसमोर फोटो ठेवून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा. डावीकडून कोण, कुठे, कशासाठी जमले होते, इतके विचारले तरी पुरे. बाकीचे ते आपणहून सांगतात.

६) नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनने नाही.

७) निगेटिव्ह फेकू नयेत. फोटो विटला तरी निगेटिव्हवरून तो पुन्हा करता येतो.

गावपातळीवर काय करता येईल?

जिल्ह्यात शाळा, महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये आणि नगरपालिका आहेत. यापैकी एखाद्या ठिकाणी एक स्कॅनर, एक हार्डडिस्क आणि आठवड्यातून एक दिवस इतकी सोय झाली, तरी गावाचा छायासंग्रह उभा राहू शकतो. मूळ फोटो घरमालकाकडेच परत द्यायचा, फक्त प्रत ठेवायची, ही अट पाळली तर लोक फोटो देतात. ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ हा २०१० पासूनचा ऑनलाइन उपक्रम कुटुंबांकडून आलेल्या फोटोंवर आणि त्यामागच्या गोष्टींवरच उभा आहे. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘परी’ या संकेतस्थळावर बीडच्या ऊसतोड मजुरांचे आजचे जगणे फोटोंसह सापडते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागेल. भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे स्टुडिओच्या मालकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घेणे आणि छायाचित्रकाराचे नाव देणे हेच योग्य. घरगुती फोटो सार्वजनिक करताना फोटोतील कुटुंबाची संमती हवीच.

आजच्या फोटोंचे काय?

कृष्णधवल फोटो शंभर वर्षे पेटीत टिकला. मोबाइलमधील फोटो मात्र फोन हरवला, पासवर्ड विसरला, मेमरी भरली की जातो. बीडच्या फलाटावर पहिल्या रेल्वेचे हजारो फोटो निघाले असतील, पण त्यातील किती कागदावर छापले गेले? त्यापैकी एक छापून, मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि शेजारी उभ्या असलेल्या चार माणसांची नावे लिहून ठेवली, तर २०७५ मध्ये कुणाला नंबरप्लेट आणि पाट्या शोधत बसावे लागणार नाही. मोमिनाबादच्या स्वारांना ही चार ओळींची सोय मिळाली नव्हती.